नूतनच्या परसातल्या केळी

जीवराम दाजी मुलीला घरी आणायला निघाले होते, पाहुणचार घ्यायला नव्हे. नूतनला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या रावेरात कुणी कुणाला सांगत बसत नाही. त्यांच्या मनात आणखीही एक होतं. गाडी मी चालवत होतो आणि जळगाव सोडल्यापासून ते तेच बोलत होते. पोरगी एकदा घरी आली की परत त्या समुद्राकाठी कशाला जाते! मी त्यांचा मेहुणा. मेहुण्याने ऐकून घ्यायचं असतं.

नूतनच्या सासरच्या गावात समुद्र सोडला तर कुणाचाच आवाज नव्हता. दुपारी एकुलतं एक दुकानही बंद. वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या आणि सावलीत झोपलेला एक कुत्रा, त्याने आमच्या गाडीसाठी डोळासुद्धा उघडला नाही.

"इथं मानसं राह्यतात का रे, हितेंद्र?" दाजी म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असणार. अशा ठिकाणी पोरगी कंटाळलेलीच असेल.

नूतन कंटाळली नव्हती. जावई फेरीबोटीवर नोकरीला होते आणि ती सासूबरोबर, रत्नाबाईंबरोबर, येणाऱ्या पर्यटकांना जेवायला घालायची. दाजींनी न्यायचा विषय काढला तेव्हा "उद्या बोलू, आबा" म्हणून ती झोपायला गेली. दाजींनी त्याचा अर्थ होकार असा लावून टाकला.

सकाळी उठून पाहतो तर दाजी परसात, हातात कोयता, स्वारी एकदम खूश. घरामागे केळीचं दाट बेट होतं. होतं म्हणजे, काल होतं. एकेका खोडाजवळ एकच पील, म्हणजे बुंध्यातून फुटलेला कोंब, ठेवून बाकीची सगळी पिलं त्यांनी छाटली होती आणि पानांसकट तुकडे करून बुंध्याशी पसरली होती. रावेरात आमच्या केळीच्या बागांत असंच करतात. जास्तीची पिलं राहिली तर घड भरत नाही.

"पाह्य, आता घड कसा पडतो," ते मला म्हणाले.

तेवढ्यात नूतन बाहेर आली. "आबा, हे काय केलं?"

"पिलं काढली. सारी केळी माजली होती."

"आम्ही घडासाठी नाही ठेवत, पानांसाठी ठेवतो. दुपारी दोन गाड्या भरून मानसं जेवाले येतील. मी त्यांले कशावर वाढू आता?"

"अवं, आपल्याकडे तर..."

"तुमच्याकडे, आबा. आमच्याकडे इचारून कापतात."

ती ओरडली नाही, म्हणून ते जास्तच लागलं. पाठवणीच्या वेळी न रडलेला हा माणूस कोयता धरून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मला त्यांची कीव आली. थोडं हसूही आलं, खोटं कशाला बोलू?

"असू दे, शेजारी मिळतील पानं," रत्नाबाई म्हणाल्या.

"मी आणतो," दाजी म्हणाले.

ज्यांच्या बांधावर पानांचे ढीग कुजून जातात, ते जीवराम दाजी त्या गावात दारोदार केळीची पानं मागत फिरले. मी मागे भारा घेऊन. प्रत्येक दारात आधी संशयाने विचारणा व्हायची, कोण तुम्ही? "नूतनचा बाप," असं दाजी सांगायचे. मग लगेच विळा बाहेर यायचा. "नूतनला हवीत? मग न्या की!" तिसऱ्या घरानंतर कुणी विचारायच्या आधीच दाजी "नूतनचा बाप" म्हणून सांगू लागले.

पंगत उठल्यावर त्यांनी नूतनला जवळ बसवलं. "बाळंतपन कुठं करायचं तुले?" हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"इथंच, आबा."

दाजी फोन घेऊन अंगणात गेले. तिकडे रावेरात माझी बहीण, पुष्पाबाई, खोली सारवून वाट पाहत होती.

"निघाले का तुम्ही?" तिने विचारलं.

"ती येत नाही. तूच ये इकडे, दोन-तीन महिन्यांच्या तयारीनं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अन् हे पाह्य, पोरीच्या घरी येऊन राह्यली तू. तिले इचारल्याबिगर कशालेच हात लावू नको."