पंचवीसचा स्क्रू

दोन हजार चौदा साली दादाच्या हातातली पटाशी पहिल्यांदा घसरली आणि लाकडात कोरत आणलेल्या पानाचं टोक उडालं. त्याने तो कपचा उचलला, फुंकर मारून खिशात टाकला आणि पुन्हा हत्यार हातात धरलं नाही. हात थरथरायचा. पुढे पायांतलं बळही ओसरलं आणि दादा पलंगाला खिळला.

जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या दारांवर वेली चढवल्या होत्या. स्वतःच्या घरात मात्र खिळ्याला टांगलेला, कडा उडालेला आरसा.

"लग्नात कबूल केलेली आरशाची चौकट, नातवंडं झाली तरी येतेच आहे," वहिनी म्हणायची. "पुढच्या जन्मी सुतार नको बाई, गवंडीच बघते."

दादा हसला, पण त्याने कागद मागितला. थरथरत्या हाताने, थांबत थांबत, त्याने चौकटीची वेल काढली.

ती कोरायचं धाकट्या भावाने मनावर घेतलं. तो कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर. मागच्या खोलीत त्याने यंत्र उभं करायला घेतलं. कागदावरची रेघ संगणकात घालायची आणि फिरतं पातं तिच्यावरून न्यायचं. पातं सरकवायला लागतो बॉलस्क्रू: आट्यांचा लांब दांडा आणि त्यावर पोलादी गोळ्यांवरून चालणारा नट. मोटर दांडा फिरवते, नट पुढे सरकतो. दांडा किती जाड घ्यायचा आणि एका फेऱ्यात नट किती सरकायला हवा, एवढंच ठरवायचं होतं.

"सोळा मिलिमीटर पुरे," पलंगावरून दादा म्हणाला. "फेऱ्याला दहा सरकू दे."

"एवढ्या लांबीला सोळा? दोरीउड्यांच्या दोरीसारखा झुलेल तो. पंचवीस घेऊ. आणि फेऱ्याला पाच. पान बारीक उतरेल."

"अरे, लाकूड कापायचंय, लोखंड नाही."

"जाड घ्यावं आणि निवांत झोपावं. तीस वर्षं बघायला नको."

"तीस वर्षं कुणाला हवीत?"

भांडी विसळणारी वहिनी थांबली. धाकट्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कारखान्यात त्याने बारीक दांडे वाकलेले पाहिले होते. जाड दांड्याने त्याला कधी दगा दिला नव्हता.

स्क्रू यायला महिने लागले. धाकट्याने तो दादासमोर उभा धरला, तसा नट आपल्याच वजनाने गोल फिरत, आवाज न करता खाली उतरला.

"लोण्यासारखा आहे," दादा म्हणाला. "वस्तू चांगली आहे."

पण जाड दांडा जड. त्यात फेऱ्याला पाचच, म्हणजे त्याने भराभर फिरायला हवं. छोट्या मोटरला ते पेलेना. ती गुरगुरायची, अडायची, रेघ सोडायची. पहिलं पान तिरकं पडलं. वेग कमी केला, तर पातं एका जागी रेंगाळून लाकूड जाळू लागलं.

वास दादापर्यंत गेला. "करपलं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "सोळाचा मागव."

"मोटर बदलून बघतो की. एवढा चांगला स्क्रू..."

"मागव रे. घाई कर."

दादाने आयुष्यात कुणालाही घाई कर म्हटलं नव्हतं.

सोळाचा स्क्रू आला तेव्हा पलंग रिकामा होता. गादी उन्हात टाकलेली होती.

धाकट्याने यंत्र जोडलं. दादाची रेघ जागोजागी थरथरलेली. संगणकावर ती सरळ करणं म्हणजे हातचा मळ.

"करू का वहिनी?"

"नको भाऊजी. ज्याची आहे त्याची राहू द्या."

यंत्राने रेघ कुठेही सोडली नाही. एकूण एक थरथर लाकडात उतरली.

वहिनी पुढे लेकीकडे गेली, त्या चौकटीत बसवलेला आरसा मांडीवर घेऊन. तिथेच ती वारली. आरसा आता नातीच्या खोलीत आहे. वेलीला वारा लागलाय, असं नात सांगते. यंत्र एका खेळणीवाल्याकडे गेलं. त्यातला सोळाचा दांडा अजून झुललेला नाही.

पंचवीसचा धाकट्याकडेच आहे, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. गंजाचा ठिपका नाही. कधीतरी मागच्या खोलीत जाऊन धाकटा तो उभा धरतो. नट गोल फिरत, सावकाश खाली येतो. टोकावरून निसटला तर गोळ्या सांडतील, म्हणून तो खाली तळहात धरून उभा राहतो.