बिशपबाबांच्या खांद्यावरचा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. ज्यांच्या खांद्यावर मी उमेदीची वर्षं काढली, त्या बिशपबाबांना कावड काही कधी नीट वाहता आली नाही. नुसता वैताग!

पूर्वेकडच्या तोंकिन देशातल्या आमच्या गावात थ्वा आजीने मला तोडलं, चिरलं, विस्तवावर शेकून लवचीक केलं. तेव्हा राजाची माणसं ख्रिस्ती धर्मगुरूंना शोधत हिंडत. सापडला की त्याचं मुंडकं उडे, लपवणाऱ्यांचंही. म्हणून एरवी बाबा कावडवाल्याच्या वेशात आणि मी कावडीची दांडी. गुपचूप मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, असली की माझ्या टोकाला बांबूचं वाकडं मूळ बसवत, की झालो बिशपांच्या हातातली मानाची काठी!

बाबा परदेशी. त्यांचा चेहरा लपवायला आजीने गालगुंड झाल्यासारखं फडकं बांधलं, वर ताडपानांची टोपी. पण चाल कशी लपवणार? कावडवाला दुडक्या चालीने जातो, दांडी वरखाली झुलते. हे आपले मिरवणुकीत असल्यासारखे संथ!

एकदा होडीच्या धक्क्यावर शिपाई उभे होते. तेवढ्यात आमच्यातल्याच एका ख्रिस्ती बाईने बाबांना ओळखलं आणि सवयीने मान लववली. झालं! बाबांचा हात आशीर्वादाला वर. एक शिपाई वळून बघायला लागला. माझा तर जीवच गेला.

आजीने फाडकन त्या हातावर फटका मारला. "मेल्या जावया, कावड सोडून माश्या कसल्या मारतोस? माझ्या पोरीचं नशीबच फुटकं!"

शिपाई हसला. "आजी, पोरीला माहेरी आण."

"आणते की! मागोमाग हा गिळायला येईल त्याचं काय?"

सुटलो एकदाचे.

पुढे शांतता आली आणि समुद्रापलीकडून चांदीची काठीही आली. माझी रवानगी डुकरांच्या खोपटात, दाराला अडसर म्हणून. बाबांनी एकदाही विचारलं नाही. चिडू नको तर काय करू?

ते वारले तेव्हा चांदीची काठी पुढच्या बिशपांसाठी कपाटात गेली. आजी काठी टेकत खोपटात आली. तिने मला ओढून काढलं, धुतलं आणि शवपेटीपाशी नेलं.

"आजी, वास येतोय त्याला," तरुण पाद्री म्हणाला.

"मग नाक धर तुझं."

तिने मला बाबांच्या खांद्याशी ठेवलं. "जावया, आता तरी दुडक्या चालीने जा रे," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, हे मी मातीखालून सांगतोय. तुमचं ओझं वाहिलेल्या वस्तूला जितेपणीच विचारा, पुसून जागेवर ठेवा. बाबांवर माझा राग अजून आहे. पण त्यांचा खांदा काही सोडवत नाही.