रोझीचं लग्न उपवासकाळात

कैतानची बायको नातालीन गेल्याची बातमी बोईसरजवळच्या सरावलीत पोचली, त्या दिवशी त्याच्या दारात नातेवाइकांच्या आधी तिच्या शिवणक्लासातल्या बाया आल्या. वसईच्या माणसांना यायला वेळ लागणार होता. या हातातलं काम टाकून निघालेल्या. एकीच्या गळ्यात टेप तसाच होता. रडून झाल्यावर त्यांतल्या जिवलीने डोळे पुसले आणि विचारलं, "काका, रोझीचं लगीन बाईंनी लावलं का नाय?"

शेजाऱ्यांना वाटलं, रोझी कोणी भाची असेल. कैतानला ठाऊक होतं. रोझी ही नातालीनने वहीत लिहिलेल्या कादंबरीतली मुलगी. तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडे होता, त्या काळातली. पाववाल्याची लेक, तोंडाने फटकळ. लोरेन्सू आरमारातला शिपाई, पण होडीत पाय ठेवला की ओकायचा. दोघांचं जमणार हे पहिल्या पानावरच कळायचं आणि तरी सात वह्या भरल्या होत्या. क्लासात तुरपाईच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मशिनी बंद असत. हात चालू, कान मोकळे. तेव्हा ती एकेक प्रकरण वाचून दाखवायची.

कैतान तेव्हा कारखान्यात बॉयलरवर असायचा. त्याने कधी ऐकलं नाही. "काय म्हणतो तुझा ओकणारा नवरदेव?" एवढं चिडवायचा.

"बॉयलरवाल्यापेक्षा बरा," ती म्हणायची. "ओकायला का होईना, तोंड तरी उघडतो."

ती गेल्याला महिना झाला, देवळात तिच्यासाठी मिस्सा झाली, त्यानंतर त्याने सातही वह्या वाचल्या. दोनदा मोठ्याने हसला आणि मग घरात कोणी नाही हे त्याला आठवलं. गोष्ट अर्ध्यावर थांबली होती. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून लोरेन्सू गोव्याहून परत येतो, रोझीच्या पावाच्या भट्टीसमोर उभा राहतो. पुढची पानं कोरी.

क्लास आता हेतल चालवत होती. ती म्हणाली, "काका, शेवट तुम्ही लिहा."

"मी बॉयलरच्या रजिस्टरपलीकडे काही लिहिलेलं नाही."

"मग दुसरं कोण लिहिणार? बाई तुमच्या घरात राहत होत्या ना?"

जिवलीने दम भरला. "पन कोनाला मारू नका हां. बाईंच्या गोष्टीत कोन मरत नाय. घरी कितीबी डोकं फिरलं तरी मला ठावं असतं, गुरुवारी हसायचं हाय."

कैतानने चार पानं लिहिली. गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून क्लासात गेला आणि ड्युटीचा रिपोर्ट द्यावा तसं वाचू लागला. "आणि येत्या रविवारी देवळाची घंटा वाजली. बँड आला. रोझी पांढऱ्या झग्यात..."

हेतलची सुई थांबली. "काका, एक मिनिट. बुधवारी त्याने राख लावली ना?"

"लावली."

"मग रविवारी लग्न कसं? उपवासकाळ लागला की. चाळीस दिवस देवळात फूल नाही, लग्न नाही."

"अगं बाय, बँडबी आनला!" जिवली म्हणाली. "काका, तुमाला पाद्री हाकलून देल!"

सगळा क्लास हसला. नातालीन गेल्यापासून तिथे कोणी असं हसलं नव्हतं. कैतान जन्मापासून देवळात जाणारा आणि त्याला उपवासकाळ सांगत होती बोईसरची एक जैन बाई.

"तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तिसऱ्या वहीत आहे. रोझीच्या मावशीचं लग्न असंच अडकतं ना?"

त्याला लाज वाटायला हवी होती. पण छाती फुगली. रविवारी देवळाबाहेर त्याने फादरना गाठून सांगितलं, "फादर, माझ्या बायकोने शिवणक्लासात उपवासकाळ शिकवलाय. तोही हसवून. कोणाला पत्ता लागला नाही."

लोरेन्सू नेमका त्या बुधवारीच का परतला, हेही त्याला आता उमगलं. नातालीन चुकली नव्हती. तिने चाळीस दिवस गमतीसाठी मुद्दाम राखून ठेवले होते. मग तो दर गुरुवारी दोन पानं नेऊ लागला. लोरेन्सू रोज रोझीकडून पाव घेतो, उपास म्हणून खात नाही, कावळ्यांना घालतो. किल्ल्यातले कावळे लठ्ठ होतात.

"बाईंसारखं वाटतं का?" त्याने एकदा विचारलं.

"नाय," जिवली म्हणाली. "पन हसू येतं."

तेवढ्यावर तो घरी मान ताठ ठेवून गेला. वाटेत वाण्याने विचारलं, काय काका, कुठून? "क्लासातून," तो म्हणाला. "मी लेखिकेचा नवरा."

आता गोष्ट उपवासकाळ संपवून ईस्टरपर्यंत आली आहे. झगा शिवून झाला, बँड ठरला. लोरेन्सूने भट्टीपाशी जाऊन विचारलंही आहे, माझ्याशी लग्न करशील का? कैतानचं आणि नातालीनचं लग्न दोन मामांनी ठरवलं होतं. त्याने तिला असं कधी विचारलं नाही, त्यामुळे ती काय म्हणाली असती हे त्याला माहीत नाही.

रोझीचं उत्तर अजून लिहायचं राहिलं आहे.