पायाळू

तामलवाडीच्या रुद्रम्माचा नवरा महालिंगप्पा तापानं गेला, तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. महिना उलटायच्या आतच धाकटा दीर कल्याणप्पा चार माणसांत म्हणाला, "हिनंच करणी केली." त्याला भावाचं रान हवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी त्याला अडवलं नाही आणि त्यानं तिला घराबाहेर काढलं. रुद्रम्मा नेसत्या लुगड्यानिशी निजामाची हद्द ओलांडून सोलापूरला आली.

तिथं एका प्रसूतिगृहात ती फरशी पुसू लागली. पहिलं वर्ष तिनं रडून काढलं. मग गंगम्मा नावाच्या जुन्या सुईणीनं तिला हाताशी घेतलं आणि सहा वर्षांत रुद्रम्मा स्वतः नावाजलेली सुईण झाली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं हद्दीपलीकडं आली. एका दुपारी छावणीतून रुद्रम्माला बोलावणं आलं. बाई अडली होती. पालाबाहेर कल्याणप्पा उभा होता. आत त्याची सून प्रेमाबाई तळमळत होती.

रुद्रम्मा जागच्या जागी थबकली. परत फिरावं, असंही एकदा मनात आलं. तेवढ्यात आतून किंकाळी आली आणि ती आत धावली. बाळ पायाळू होतं, पाय आधी बाहेर आले होते आणि एक म्हातारी ते ओढत होती.

"ओढू नका! हात काढा!"

तिनं बाळ आपसूक उतरू दिलं, मान दिसल्यावर हलकेच डोकं सोडवलं. पोरगी निळी पडलेली, रडेना. रुद्रम्मानं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडात हलकेच श्वास फुंकला. अखेर पोरीनं टाहो फोडला.

टाहो ऐकून आत आलेल्या कल्याणप्पानं रुद्रम्माचे पाय धरले. "वैनी, म्या तुमाला हाकललं नसतं, तर आज ही पोर..."

"थांबा, भावजी. वाईट ते वाईटच. त्याला चांगलं म्हनू नगा. तुमी मला बुडवायलाच निघाला व्हता. पर शिवानं तेवढ्यावर सोडलं न्हाय. तुमी मोडलं, त्यातनं त्यानं ह्यो जीव वाचवला."

"मला माफ केलं का?"

"आजवर न्हवतं केलं. आज करते."

कल्याणप्पा उठला. पालाबाहेर जमलेल्या गावकऱ्यांना मोठ्यानं म्हणाला, "करणी-बिरणी काय न्हवती. म्या खोटं बोललो."

रुद्रम्माचं तिकडं लक्षच नव्हतं. कोमट पाण्यानं ती पोरीला न्हाऊ घालत होती. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. "शिवा, लई दिलंस रं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.