पिक्चरमधल्या आईचं चुकलं कुठं

शनिवारपर्यंत किर्तीला स्वतःच्या युक्तीचा भारी अभिमान होता. बचत गटाच्या बायकांना पैशाचं शहाणपण शिकवायचं, हे तिचं काम. एका संस्थेने तिला त्यासाठीच नेमलं होतं. पण पेन्शन म्हटलं की बायका जांभया द्यायच्या, व्याज म्हटलं की घड्याळ बघायच्या. मग तिने पिक्चर आणले. पिक्चरचा एक तुकडा दाखवायचा आणि विचारायचं, या माणसाचं पैशात काय चुकलं? लॉटरीच्या मागे लागलेल्या हिरोवर अंबरनाथच्या बायकांनी असं तोंडसुख घेतलं की तो समोर असता तर पळून गेला असता. उल्हासनगरच्या बायका तर वर्ग संपला तरी उठेनात.

शनिवारी कुळगावचा गट होता आणि पहिल्या रांगेत तिची आई, संजीवनीबाई, बसली होती. खरं तर त्या दिवशीचा पिक्चर किर्तीने आईसाठीच निवडला होता. बाबा गेल्यावर त्यांच्या फंडाचे आठ लाख आईच्या नावाने एफडीत पडले होते आणि धाकट्या विनीतला चिखलोलीत फ्लॅट हवा होता. तिथे स्टेशन होणार, मग भाव कुठल्या कुठे जाणार, हे तो रोज जेवताना ऐकवायचा. आईने त्या पैशांना हात लावू नये, एवढंच किर्तीचं म्हणणं. घरात सांगून ती थकली होती. विनीतविरुद्ध अवाक्षर काढलं की आई म्हणायची, "तुझं आपलं भावावर डूख." किराणा आणि आईची औषधं किर्तीच्याच पगारातून यायची, ते मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

पिक्चर एका शिंप्याचा होता. तो दुकान विकून पैसे दोन्ही मुलांना वाटतो आणि मग म्हातारा-म्हातारी मुलांच्या दारात पिशवी घेऊन उभी राहतात. सगळा हॉल मुसमुसला. आईने तर डोळ्यांना लावलेला पदर काढलाच नाही. म्हातारपणाचे पैसे आपल्याच नावावर ठेवायचे, असं किर्ती बजावत होती, तेव्हा सगळ्यात जोरात मान आईच हलवत होती. किर्तीला वाटलं, आपण जिंकलो.

मंगळवारी दुपारी ती घरी जेवायला आली, तर आईने हातावर पेढा ठेवला.

"एफडी मोडली सकाळी. विनीतने बुकिंग करून टाकलं."

पेढा किर्तीच्या हातातच राहिला. "आई, शनिवारी तू रडत होतीस ना?"

"रडले म्हणून तर." आई ताट घेत म्हणाली. "रविवारी तो पिक्चर मोबाइलवर पूर्ण बघितला मी. तू अर्धाच दाखवलास. त्या बाईचं चुकलं कुठं सांगू? धाकटा आधी दोनदा मागायला आला होता, तेव्हा दिले नाहीत. ते पोराच्या मनात राहिलं. मी विनीतला तशी वेळच येऊ दिली नाही. आपण होऊन दिले."

किर्तीचं डोकं फिरलं. महिनाभर खपून तिने तो धडा तयार केला होता आणि तिच्याच घरात तो असा उलटा शिकला गेला होता.

"फ्लॅटवर तुझं नाव तरी घातलं का?"

"मला मेलीला काय करायचंय नाव? लोन तो फेडणार."

"आणि उद्या त्याने तुला विचारलं नाही तर?"

"अभद्र बोलू नकोस." आईने भाजी वाढली. "आणि तसं झालंच तर तू आहेस की."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की किर्तीला ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही. विचारलं मात्र.

"मग एफडी मोडताना मला एका शब्दाने विचारलं का नाहीस? पिक्चर बघताना तुला विनीत आठवला. मी नाही आठवले?"

आई भांबावली. तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच आठवून बघत होती.

"अगं, पण त्या पिक्चरमध्ये मुलगी कुठं होती?"

नव्हतीच. दोन मुलं होती, दोन सुना होत्या. तुकडा किर्तीने स्वतः निवडला होता, कितीदा तरी पाहिला होता, आणि तिलाही ते आजवर कधी खटकलं नव्हतं.