उरलेली रजा

“आज कशाला आलात?” काकूंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

मास्तर दारात उभे होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, खांद्याला नेहमीची बॅग. काकू रिसेप्शनच्या टेबलामागून उठल्या, काय करावं ते न सुचून पुन्हा बसल्या. आत कुणीतरी हसत होतं, ते हसणं अर्ध्यात थांबलं.

“घरी बसून काय करू?” मास्तर म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

ऑफिस लहानसं. खाली औषधाचं दुकान, वर तीन खोल्या. लोकांना म्हातारपणाची, घराची, मुलांच्या शिक्षणाची तरतूद आखून देणारी ही फर्म मॅडमनी एकटीने उभी केली होती. माणसं मोजकीच. मास्तर हे नाव त्यांना ग्राहकांनीच दिलं होतं. समोरचा माणूस नुसती मान डोलवायला लागला की ते पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, “आता तुम्ही मला समजावून सांगा.” न समजताच हो म्हणणारे तिथे हमखास पकडले जात.

त्यांची एकुलती लेक ठकी आजारी पडली, तेव्हा मास्तरांची स्वतःची रजा सुरुवातीच्या तपासण्यांतच संपून गेली. एका दुपारी डबे खाताना मॅडमनी विषय काढला, आणि डब्यांची झाकणं लागायच्या आत सगळ्यांनी आपापली थोडी थोडी रजा मास्तरांच्या नावावर करून टाकली. नव्याने लागलेल्या मुलीकडे द्यायला रजाच नव्हती. तिने मास्तरांचे ग्राहक अंगावर घेतले. काकूंनी मात्र होती नव्हती ती सगळी दिली. ती त्यांनी लेकीच्या बाळंतपणासाठी साठवली होती. “त्याला अजून अवकाश आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी दुखणं लांबणार असं धरलं होतं. ठकी तेवढी थांबली नाही.

मास्तर कामावर आले आणि ऑफिसचा आवाज बदलला. मॅडमच्या विसरभोळेपणाची टिंगल बंद झाली. डबे खाताना चमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले. कुणी आपल्या मुलांच्या शिक्षणाचं विचारायला आलं, की त्याला मधल्यामध्ये दुसऱ्या टेबलाकडे वळवलं जाई. मास्तरांना ते दिसत होतं. ते खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत.

मग एका दुपारी काकू फोनवर दबक्या आवाजात बोलताना त्यांनी ऐकलं.

“अगं, तुझ्या सासूबाई आहेत ना. मी रविवारी येऊन तोंड बघून जाईन. नाही गं राणी, रजा नाही उरलेली. रडू नकोस. या दिवसांत रडू नये.”

मास्तर तसेच उठून मॅडमच्या खोलीत गेले.

“माझ्या नावावरची उरलेली रजा काकूंना द्या.”

मॅडमनी चष्मा काढला. “ती तुमची आहे, मास्तर. आणि खरं सांगू का, तुम्ही ती घ्यावी असं मला वाटतं. वहिनी घरी एकट्याच असतात.”

“ती झोपते दिवसा,” मास्तर म्हणाले. “काकूंना द्या.”

काकूंनी ऐकल्याबरोबर दोन्ही हात वर केले. “मला नको. त्या रजेवर मी नातवंड खेळवायला जाऊ? पाऊल उचलणार नाही माझं.”

“काकू, तुम्ही दिलीत तेव्हा मी नाही म्हणालो होतो का?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“ती नुसती पडून आहे. मला ती बघवत नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्ही गेलात तर मला बरं वाटेल. फोन मी घेईन तुमचे.”

 काकूंनी पदर खोचला आणि गाडीची वेळ बघायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मास्तर कितीतरी दिवसांनी जरा हलक्या पावलांनी घरचा जिना चढले. बायको ओट्याशी भांडी घासत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. काकू आधी कशा नाही म्हणाल्या, मग कशा तयार झाल्या. तिने नळ बंद केला.

“सगळी देऊन टाकलीस?”

“काकूंचीच होती गं बरीचशी.”

“मला विचारलं नाहीस.”

“तुला काय विचारायचं त्यात?”

ती हात पुसत स्टुलावर बसली. “हॉस्पिटलात मी मनाशी म्हणायचे, काय व्हायचं ते होईल, पण नंतर हा थोडे दिवस घरी असेल. दोघं असू.” ती शांतपणे बोलत होती. “सकाळी तू दार ओढून घेतोस ना, तेव्हापासून मी त्या खुर्चीत बसते. संध्याकाळी तुझी किल्ली वाजली की उठते.”

“मला वाटलं तू झोपतेस.”

“नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बूट घालत असायचास.”

 नोकरी तिने ठकीसाठी सोडली होती. ठकी गेली, आणि तिला सकाळी उठून जायला कुठली जागाच राहिली नाही. मॅडमकडे शब्द टाकला असता तर हवी तेवढी सुट्टी मिळाली असती. हे तिलाही ठाऊक होतं. मास्तरांनी शब्द टाकला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, निम्म्या रस्त्यात, त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं की काकूंची अडचण तर खरी होतीच. पण त्यांना स्वतःलाच घरी राहायचं नव्हतं. ती रजा नावावर असेपर्यंत लोक घरी जा म्हणत राहणार होते.

काकू गेल्या. मास्तर रिसेप्शनवर बसून फोन घेऊ लागले, लोकांना वेळा देऊ लागले. पुढच्याच आठवड्यात काकूंचा फोन आला.

“मास्तर, मुलगी झाली.”

“छान झालं, काकू. लेक कशी आहे तुमची?”

“बरी आहे. दोघी बऱ्या आहेत.”

मागे बाळ रडत होतं. काकूंनी घाईघाईने फोनवर हात धरला असावा, कारण आवाज एकदम दबला.

“असू दे, काकू,” मास्तर म्हणाले. “हात काढा.”

काकूंनी हात काढला. मास्तर ऐकत राहिले. मग ते आत गेले, फोन मॅडमच्या हातात दिला आणि तोंड धुऊन आले.

ते परत खुर्चीत बसतात तोच दार ढकलून त्यांची बायको आत आली. केस विंचरलेले होते. हातात पर्स होती, जणू कामाला निघाली होती. मास्तर उठून उभे राहिले.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “इथे बसू का?”

“बस.”

भिंतीला लागून ग्राहकांसाठी खुर्च्या होत्या. ती शेवटच्या खुर्चीवर बसली आणि पर्स तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “वहिनी, आत येता माझ्या खोलीत? निवांत आहे.”

“नको, इथे माणसं आहेत,” ती म्हणाली.

नव्या मुलीने काही न विचारता तिच्यासाठी चहा आणून ठेवला. फोन वाजला, मास्तरांनी घेतला. प्रिंटर सुरू झाला. आतल्या खोलीत कुणीतरी कुणाकडे कागद मागितला. ती चहा पीत सगळ्यांकडे बघत होती.

थोड्या वेळाने एक निवृत्त गृहस्थ जिना चढून धापा टाकत आले. मास्तरांनी त्यांना आतल्या खोलीकडे हात केला, तसे ते तिच्यासमोर अदबीने थांबले.

“तुमचा नंबर आधी आहे का, बाई?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही जा. मला घाई नाही.”

आणि मागून कुणी आलं तर जागा असावी म्हणून तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.