सरकीचे दहा दाणे

दहाही दाणे उजव्या थैलीत होते, तरी चंद्रभागाबाईंना ते पटेना. दिवस भरत आलेल्या पूनमचा चेहरा पार उतरला होता.

तेलंगणातल्या तलमडुगुकडच्या या गावात चंद्रभागाबाई सतरा वर्षं आशा कार्यकर्ती होत्या आणि ही रीत त्यांनी स्वतःच काढली होती. कापूस वेचणाऱ्या बाईला कागद-पेन्सिल घेऊन बसायला सवड कुठली? म्हणून गरोदर बाईच्या कमरेला दोन छोट्या थैल्या. सकाळी डावीत सरकीचे दहा दाणे. पोटात बाळ हललं की एक दाणा उजवीत. सांजेपर्यंत दहा झाले तर ठीक, नाही तर हातातलं टाकून दवाखाना. वरच्या मॅडम मीटिंगमध्ये हसल्या होत्या, मोबाइलमध्ये भरा म्हणाल्या होत्या. चंद्रभागाबाई मोबाइलमध्येही भरत आणि थैल्याही बांधत. कुणाच्या हसण्याने त्यांचं काम थांबत नसे.

त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा पूनम हळूच म्हणाली, "मी तं तीनच टाकले, बाई. कालपासून लई चूप हाय ते."

सासू बयनाबाईंनी मान खाली घातली. उरलेले सात त्यांनी टाकले होते, सून दुपारी जरा आडवी झाली तेव्हा. ओटी अर्धी ठेवत नाहीत, तशी ही थैलीही अर्धी ठेवू नये, अपशकुन होतो, असं त्यांना वाटलं होतं. त्यात कपट नव्हतं, मायाच होती. पण त्या मायेने आज घात केला असता.

"बयनाबाई, लेकरू तुमच्या बोटानं हालत नाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "उठा."

शेजारच्या ऑटोने तिघी आदिलाबादच्या एका सरकारी दवाखान्यात पोहोचल्या. सिस्टरने पोटावर छोटं यंत्र ठेवलं. ठोके ऐकू आले. मग ती घाईघाईने म्हणाली, ठोके आहेत, तारखेला या. बाहेर बायकांची रांग लागली होती, तिचंही खोटं नव्हतं.

हेच वाक्य चंद्रभागाबाईंनी वीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हा पोट त्यांचं होतं. मोठ्या माणसांपुढे काय बोलायचं म्हणून त्या मुकाट घरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, ती रडलीच नाही. त्या मुकाटपणाचा त्यांना अजून राग येई, सिस्टरपेक्षा स्वतःचाच जास्त.

त्या दारातच फतकल मारून बसल्या. त्यांचं तेलुगू कामापुरतं होतं. रागावल्या की त्या मराठीतच बोलत आणि समोरच्याला बरोबर कळे.

"ठोके हायेत, पण लेकरू हालून नाई राह्यलं. पट्ट्याची मशीन लावा, वीस मिनिटं. तोवर मी इथून हालत नाई."

गावातल्या बायकांमुळे सिस्टरला ही रीत ठाऊक होती. तिने पूनमची उजवी थैली पाहिली, दाणे मोजले आणि म्हणाली, हे तर दहा झालेत.

मग बयनाबाई पुढे आल्या. सरकारी माणसापुढे त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. "तीनच हायेत. सात मी टाकले. माझं नाव लिवून घ्या."

पट्टा लागला. कागदावर ठोक्यांची रेघ सरकत राहिली, बाळ हललं की उठते तशी कुठे म्हणून वर उठेना. डॉक्टरीणबाई आल्या, कागद पाहिला आणि पूनमला लगेच ऑपरेशनला आत न्यायला सांगितलं.

पूनमच्या कमरेच्या थैल्या आता बयनाबाईंकडे होत्या. बाहेर बाकावर त्यांनी उजव्या थैलीतले सात दाणे काढून परत डावीत घातले. चंद्रभागाबाईंनी पाहिलं.

तासाभराने सिस्टर स्वतःच बाळ घेऊन आली. मुलगी. वजन कमी, नाळ मानेभोवती होती, उशिरा रडली, पण रडली. सिस्टरने चंद्रभागाबाईंकडे पाहिलं आणि त्यांना बसायला स्वतःची खुर्ची ओढून दिली. चंद्रभागाबाई खुर्चीत बसल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला आणि लपवायचं काही कारण त्यांना दिसलं नाही.

बयनाबाईंच्या मांडीवर दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं आणि त्यांच्या मनगटाला लागलं. त्यांनी एका हाताने डावी थैली चाचपली, एक दाणा काढला आणि उजवीत टाकला.

"चार," त्या म्हणाल्या.